एकोणशंभर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

साताऱ्याला सुखरूप पोचले. फोनवर तुझी गडबड असते, म्हणून राहिलेलं लिहून पाठवते.

इथे जो तो नायगाऱ्याचं विचारतो. माझ्या डोळ्यांपुढे मात्र वाटेतली वॉटकिन्स ग्लेनची घळ येते. एडिसनहून चार-साडेचार तास गाडी हाकून पाय मोकळे करायला म्हणून तू थांबलास. ८३२ पायऱ्या आहेत हे कळल्यावर म्हणालास, "आई, तू छकुलीला घेऊन खालीच बस." रोज सकाळी अजिंक्यतारा चढते रे मी. पण ओली फरशी बघून तुझ्या पोटात गोळा आला, तेही दिसलं मला.

तुम्ही दोघं पुढे गेलात. रात्रीच्या रोषणाईआधी नायगाऱ्याला पोचायचं होतं ना. आम्ही मागून पायऱ्या मोजत निघालो, मराठीत. एकोणतीसला ती अडली. मग मी सांगितलं, एकोण म्हणजे एकाने उणे, तीसला एक कमी. तिने ते असं पकडलं की एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ तिचे तिनेच म्हटले. मध्ये एका धबधब्याच्या मागून वाट गेली. शिवथरघळीत बसल्यावर कसं पुढ्यात पाणी कोसळतं, अगदी तसं. तिथे माझा पदर घट्ट धरून तिने आकडा तोंडात धरून ठेवला आणि पलीकडे गेल्यावरच पुढचा उच्चारला.

आपला कातळ काळा, एकसंध. तिथला खडक चपात्यांच्या चवडीसारखा, थरावर थर. हिमनदीने सेनेका सरोवराची दरी खोल खरवडली, ओढा वरच राहिला, आणि खाली झेपावताना त्याने हे थर कापत नेले. बारा हजार वर्षं चाललंय म्हणे. एकोणीस धबधबे एवढ्याशा ओढ्याचे! १९३५ च्या पुरात जुन्या वाटा वाहून गेल्या. मंदीच्या दिवसांत सरकारने कामाला लावलेल्या तरुणांनी नंतर तिथल्याच दगडात त्या पुन्हा बांधल्या. पुढे जाण्याआधी सूनबाईने हे वाचून दाखवलं तेव्हा मला ७२ च्या दुष्काळात माणदेशात खडी फोडणारी माणसं आठवली. पुढच्या प्रत्येक पायरीवर मी जरा बेताने पाय ठेवला.

आणि मग छकुली म्हणाली, "एकोणशंभर!"

मी म्हटलं, नाही गं, नव्व्याण्णव. ती पायरीवरच बसली. "पण आजी, शंभरला एक कमी ना?" बरोबरच होतं तिचं. मला उत्तर देता येईना. तेवढ्यात वरून तुझी हाक आली, "चला, उशीर होतोय," आणि मोजणं तिथेच सुटलं.

तुझ्यावर रागावले नाही. एवढं लांब तू एकट्याने गाडी चालवत होतास. पण बाळा, तिला मराठी येत नाही असं तू चारचौघांत म्हणतोस, तेव्हा मला वाईट वाटतं. तिला येतं. तिच्या चालीने चालणारं कुणी बरोबर असलं की येतं. तू सहा वर्षांचा असताना सज्जनगडाच्या पायऱ्या मोजायचास, आणि तू चुकलास की तुझे बाबा तुझ्यासाठी पुन्हा खाली उतरून पहिल्यापासून सुरू करायचे.

रविवारी फोन तिच्याकडे दे. शंभरपासून पुढे मोजायचंय आम्हाला.

तुझी,
आई