शिकारी जातीचे पिल्लू घेताना त्याचे काम आधी पाहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाणे आणि नवी मुंबईत बीगलसारख्या शिकारी जातींची पिल्ले घरी आणण्याचे प्रमाण अलीकडे डोळ्यांत भरण्याइतके वाढले आहे. लांब कान आणि भोळे डोळे पाहून पिल्लू पसंत केले जाते आणि ते वयात आले की त्याच्या हेल काढून ओरडण्याबद्दल सोसायटीच्या बैठकीत तक्रारी सुरू होतात. दोष पिल्लाचा नसतो, निवडीचा असतो. ही निवड कशी करावी, याचा बारकाईने विचार अमेरिकेत रॅकूनची शिकार करणाऱ्यांनी केलेला आहे. शिकारीचे समर्थन मला करायचे नाही. पण कुत्रा पारखण्याची त्यांची रीत आपल्याकडच्या कुटुंबांनी समजून घ्यावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

रॅकून हा निशाचर प्राणी पाण्याकाठी वावरतो आणि पाठलाग होताच झाडावर चढून बसतो. युरोपातून आणलेले कोल्ह्याच्या शिकारीचे फॉक्सहाउंड जमिनीवरचा माग उत्तम काढत, परंतु तो झाडाच्या बुंध्याशी तुटला की गोंधळून जात. त्यामुळे झाड न सोडता मालक पोहोचेपर्यंत तिथेच भुंकत राहील असा कुत्रा शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवला, आणि त्यातून ब्लॅक अँड टॅन, ब्लूटिक, रेडबोन, इंग्लिश आणि ट्रीइंग वॉकर या कूनहाउंड जाती तयार झाल्या. सहावी जात प्लॉट. तिचे मूळ मात्र फॉक्सहाउंडमध्ये नसून जर्मनीतल्या रानडुकरांच्या शिकारीच्या कुत्र्यांत असल्याचे मानले जाते आणि 1989 पासून ती नॉर्थ कॅरोलिना राज्याचा अधिकृत श्वान आहे. अमेरिकन केनेल क्लबने ब्लॅक अँड टॅनला 1945 मध्ये मान्यता दिली, तर ट्रीइंग वॉकरला ती 2012 मध्ये मिळाली. शिकाऱ्यांनी मात्र अशा मान्यतेची वाट कधीच पाहिली नाही, कारण त्यांची कसोटी रात्रीच्या रानात लागत होती.

ते पहिल्यांदा नाक पाहतात. ब्लूटिक आणि ब्लॅक अँड टॅन हे कित्येक तासांपूर्वीचा शिळा मागही धीराने उलगडत नेणारे म्हणून ओळखले जातात, तर ट्रीइंग वॉकर वेगवान असून ताज्या मागावर झपाट्याने झाड गाठतो. जिथे रॅकून विरळ आहेत तिथे पहिल्या प्रकारचा कुत्रा उपयोगी, जिथे भरपूर आहेत तिथे दुसऱ्या. त्यानंतर आवाज. कुत्रे अंधारात फार पुढे गेलेले असतात आणि शिकारी केवळ कानांनी त्यांच्या मागावर असतो. माग धरलेला असताना लांब, घुमणारी साद आणि झाडाशी पोहोचल्यावर तुटक, भराभर भुंकणे, एवढ्या फरकावरून त्याला पुढे काय चालले आहे ते कळते. जाणते लोक तर जातीच्या नावावर फारसे विसंबतच नाहीत. पिल्लाचे आईबाप रात्री प्रत्यक्ष काम करताना पाहिल्याशिवाय ते व्यवहार करत नाहीत.

आपल्याकडे रॅकून नाही आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नही उद्भवत नाही. पण शिकारीवर बंदी आली म्हणून कुत्र्याचे नाक आणि गळा बदलत नाही. सशाच्या मागावर टोळीने धावण्यासाठी घडवलेला बीगल सोसायटीच्या बागेत पाहावा: नाक जमिनीला टेकलेले, कानांची टोके गवतावर लोळत असलेली, शेपटीचे पांढरे टोक ताठ वर, आणि मालकाची हाक त्याच्या कानांपर्यंत पोहोचतच नाही. तो आज्ञा मोडत नसतो, आपले काम करत असतो. असा कुत्रा येऊरच्या वाटेवर पट्ट्याविना सोडणे मला अत्यंत बेजबाबदारपणाचे वाटते. तिथे बिबट्या आहे, कांडेचोर आहे, आणि वासामागे रानात शिरलेला कुत्रा स्वतःचा आणि त्यांचाही जीव धोक्यात घालतो. खारघरच्या खाडीकाठी कांदळवनात कोल्हे दिसतात, तिथेही हेच लागू आहे.

परदेशी जाती टाळून कारवान किंवा मुधोळ घ्यावा, असा सल्ला अनेकदा दिला जातो. या आपल्या जातींचा मला मनापासून अभिमान आहे. 2005 मध्ये टपाल खात्याने मुधोळवर तिकीटही काढले होते. परंतु ते नजरेने शिकार हेरून सुसाट धावणारे कुत्रे आहेत. त्यांना बीगलइतका वासाचा नाद नसला, तरी मोकळ्या माळावर दौडण्यासाठी घडलेला हा प्राणी घोडबंदर रोडवरच्या दोन खोल्यांच्या घरात आणि लिफ्टने खाली नेऊन मारलेल्या दहा मिनिटांच्या फेरीत सुखी राहील, असे समजू नये. ज्यांना रोज पहाटे तासभर त्याच्यासोबत घराबाहेर घालवणे जमणार आहे, त्यांनीच त्याचा विचार करावा.

श्वान पैदास आणि विक्रीविषयी 2017 मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. ग्राहकांनी नोंदणी प्रमाणपत्र पाहण्याचा आग्रह धरावा आणि पिल्लाची आई दाखवण्यास नकार मिळाल्यास व्यवहार तिथेच थांबवावा. याखेरीज, जात मुळात कोणत्या कामासाठी घडवली गेली, तिला रोज किती व्यायाम लागतो आणि तिचा आवाज कसा असतो, ही माहिती विक्रेत्याने लेखी द्यावी अशी तरतूद मंडळाने करावी, अशी माझी मागणी आहे. आपल्या दैनिकाने पिल्लांच्या विक्रीच्या जाहिराती स्वीकारताना नोंदणी क्रमांक सक्तीचा केला, तर त्याची सुरुवात लगेच होऊ शकेल.

आपला,
एक श्वानपालक वाचक,
ठाणे (पश्चिम)