मंदारला, रविवारच्या फोननंतर

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास की लाइन तुटली, ते विचारत नाही. टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनचा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसले आहे.

आधी रात्रीचं. निदान झालं ते बरं, नाहीतर दाढदुखी समजून आणखी एक दाढ काढली असती. क्लस्टर डोकेदुखीचा झटका पाव तासापासून तीन तास चालतो. गोळी विरघळून लागू पडेपर्यंत तो ऐन भरात असतो. म्हणून ऑक्सिजन. डोळ्यातून पाणी यायला लागलं की लगेच बसून, पुढे वाकून मास्क लाव. सोडलेला श्वास परत आत येऊ न देणारा, पिशवीवाला नॉन-रिब्रीदरच हवा. मिनिटाला १२ ते १५ लिटर, १५ मिनिटं. पिशवी आधी पूर्ण फुगू दे. बाबा आत्याकडचं कॉन्सन्ट्रेटर, हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र, पाठवणार होते, मी थांबवलं. ते ५ लिटरचं, इथे पुरायचं नाही. सिलिंडरच आण, आणि त्या खोलीत सिगारेट नको. (ओढतोस, माहीत आहे मला.) झटके टाळायचं ते वेरापामिल वाढवतील तेव्हा ईसीजी चुकवू नकोस.

आता तुझा तो जिमवाला, टेस्टोस्टेरॉन घे, डोकं थांबेल म्हणणारा. त्याचं सगळंच खोटं नाही, म्हणून तर धास्ती वाटते. क्लस्टर पुरुषांत जास्त, आणि काही रुग्णांत टेस्टोस्टेरॉन कमी सापडतं हे खरं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या स्टिलमन यांनी, इतर औषधांना दाद न देणाऱ्या आणि टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या नऊ जणांना ते देऊन आराम पडल्याचं लिहिलं. पण नऊच जण, आणि तुलनेला दुसरा गट नाही! झटक्यांचं घड्याळ आणि टेस्टोस्टेरॉनची सूत्रं, दोन्ही मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडे. शिवाय झोपमोडीनेही ते उतरतं.

आणि तुझा टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट दुपारी चारचा, तोही प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू असताना. त्यानेही आकडा पडतो. असा नमुना आमच्या लॅबमध्ये आला असता तर मी परत पाठवला असता. सकाळी ७ ते १०, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी. सोबत एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन ही पिट्यूटरी ग्रंथीची हार्मोन्स. प्रोलॅक्टिन चढलेलं निघालं तर पिट्यूटरीचा एमआरआय, कारण तिथली गाठ डोकंही दुखवते आणि टेस्टोस्टेरॉनही पाडते. टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेतलंस की एलएच दबतो, शुक्राणू घटतात, रक्त दाट होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं की थांबवावंच लागतं. प्राजक्ताशी तरी बोललास का?

झाली माझी शाळा सुरू. राहू दे, चिडू नकोस. झोप नसतानाही काम वेळेवर दिलंस, प्राजक्ता सांगत होती. ऐकून ऊर भरून आला. सातवीत १०३ ताप अंगावर काढून खो-खोची फायनल खेळलास, तेही मला दोन दिवसांनी कळलं होतं.

प्रेडनिसोलोनचा कोर्स संपला की कळव. नमुना कधी द्यायचा ते डॉक्टरांना विचारू, मी येते. आणि ते इंजेक्शन एव्हाना घेतलं असशील तर तेही सांग, कुठलं, कधी, किती मिलिग्रॅम. ओरडणार नाही.

आई