विषय : पेंग्विन किनाऱ्यावर येण्याआधीच परत फिरवलेली फिलिप आयलंडची सहल आणि तिचे पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या प्रतिनिधीने माझं बोलणं पूर्ण व्हायच्या आत फोन ठेवला, म्हणून हे लेखी देत आहे. बुकिंगचा तपशील तुमच्याकडे आहे, पावती सोबत जोडली आहे. सरळ मुद्द्यावर येते.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न आणि त्याजवळच्या फिलिप आयलंड या बेटाच्या परिसरात सूर्य रात्री पावणेनऊच्या सुमारास मावळतो. तिथले लिटल पेंग्विन सूर्य मावळून अंधारायला लागलं की मगच समुद्रातून वर येतात. तुमच्या बसने आम्हाला साडेआठला पेंग्विन जिथे वर येतात त्या समरलँड बीचवरून बाहेर काढलं. सहलीच्या नावातच ‘पेंग्विन परेड’ आहे आणि आम्हाला एकही पेंग्विन दिसला नाही. तो दिसणं शक्यच नव्हतं, हे तुमच्या कार्यालयात कोणालाच माहीत नव्हतं का?

हे वेळापत्रक जूनमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, चाललं असतं. तेव्हा तिथे सव्वापाचच्या आत सूर्यास्त होतो आणि साडेआठपर्यंत सगळं निवांत बघून होतं. तुम्ही हिवाळ्याचं वेळापत्रक उचलून ऐन उन्हाळ्यात लावलंत आणि त्याचे पैसे घेतलेत. पेंग्विन परेड चालवणारी संस्था, फिलिप आयलंड नेचर पार्क्स, पेंग्विन येण्याच्या अंदाजे वेळा आधीच जाहीर करतं, कोणीही बघू शकतं. तिथे रोज बस नेणाऱ्या कंपनीला ते बघावंसं वाटलं नाही.

माझी मैत्रीण आणि तिचा नवरा बरीच वर्षं मेलबर्नमध्ये राहतात. पेंग्विन बघायला आपण सगळे मिळून जायचं, म्हणून ते दोघं इतकी वर्षं एकदाही गेले नव्हते. त्यांच्याकडे गाडी आहे. पण परतीचा दीड-दोन तासांचा अंधारातला रस्ता, त्यात वॉलबी (कांगारूसारखे छोटे प्राणी) मध्ये येतात, म्हणून त्यांनी मुद्दाम तुमची बस निवडली. ‘जाणकार गाइड’ असंही तुमच्या जाहिरातीत होतं.

दिवस कसा गेला तेही सांगते, कारण उशीर झाला म्हणून लवकर निघावं लागलं, असं तुमचं एक उत्तर आलं आहे. वाटेत चॉकलेटच्या दुकानात आम्हाला दीड तास थांबवलं. कोआला रिझर्व्हला वीस मिनिटं दिली. तिथे झाडांच्या फांद्यांच्या उंचीवर लाकडी वाट बांधली आहे, कोआला अगदी डोळ्यांसमोर झोपलेले असतात. एक मादी नुसती कूस बदलत होती, पोटाशी पिल्लू होतं. आम्ही बघायला थांबलो तर गाइड मागून टाळ्या वाजवून ‘चला चला’ करत होता. कोआलाच्या रिझर्व्हमध्ये टाळ्या! नॉबीज या बेटाच्या टोकाला तर बसमधूनच बोट दाखवलं, की तिकडे सील असतात. आणि हो, तुमच्या माहितीपत्रकावर कोआलाला कडेवर घेतलेल्या बाईचा फोटो आहे. हे बेट ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे तिथे पर्यटकांना कोआला हातात घ्यायला बंदी आहे. तो फोटो काढून टाका.

आता समरलँडचं. आम्ही सातलाच पायऱ्यांवर जाऊन बसलो. बास सामुद्रधुनीवरून गार वारा येत होता, सोबत नेलेल्या शाली कामाला आल्या. रेंजर सांगत होते की पेंग्विन दिवसभर समुद्रात मासे धरतात, संध्याकाळी किनाऱ्यालगत पाण्यात थवा करून थांबतात आणि उजेड गेला की एकमेकांच्या आधाराने वाळू ओलांडून बिळात जातात. उजेडात एकटं निघालं तर शिकारी पक्ष्यांच्या तावडीत सापडायची भीती असते. जेमतेम ३३ सेंटिमीटर उंचीचा आणि किलोभर वजनाचा पक्षी, जगातला सगळ्यात लहान पेंग्विन. त्या दिवसांत बिळात पिल्लं वाट बघत असतात. फोटो काढायचे नाहीत, मोबाइल आत ठेवा, असंही त्यांनी सांगितलं, आणि आमच्या आसपासच्या सगळ्यांनी ते ऐकलं. हजारभर माणसं पाण्याकडे डोळे लावून बसली होती.

तेवढ्यात तुमच्या गाइडने माझ्या खांद्याला हात लावला. बस सुटते आहे, उठा. मी म्हटलं, अजून सूर्यसुद्धा मावळला नाही. तर म्हणाला, ड्रायव्हरचे कामाचे तास संपत आलेत. ड्रायव्हरने दमलेल्या डोळ्यांनी गाडी चालवू नये, हा नियम योग्यच आहे. मग चॉकलेटच्या दुकानातले दीड तास त्याच्या तासांत धरायचे कोणी? सकाळी दोन तास उशिरा निघायला काय हरकत होती? आम्ही लाकडी वाटेने वर निघालो तेव्हा बाकी सगळे लोक समोरून खाली येत होते.

वाहनतळावर पाट्या आहेत, की गाडी सुरू करण्यापूर्वी खाली वाकून बघा, पेंग्विन असू शकतो. माझी मैत्रीण बसखाली बघायला वाकली, तर तुमचा गाइड म्हणाला, ‘खाली काय बघताय, अजून आलेच नाहीत ते.’ हे त्याचे शब्द आहेत. म्हणजे पेंग्विन आलेले नाहीत हे माहीत असताना त्याने आम्हाला बसमध्ये चढवलं.

आता आजचा फोन. तुमच्या मराठी ग्राहक सेवेतल्या माणसाने आधी मला सांगितलं, ‘मॅडम, जंगली प्राणी आहेत, दिसतीलच अशी हमी कंपनी देत नाही, अटींमध्ये लिहिलंय.’ मी म्हटलं, पेंग्विन आले आणि मला दिसले नाहीत अशी माझी तक्रार नाही, तुम्ही ते यायच्या आधी आम्हाला उठवलंत. त्यावर तो म्हणतो, ‘पेंग्विनना उशीर झाला त्याला कंपनी काय करणार?’ मी पुन्हा सूर्यास्ताची वेळ सांगितली. तो म्हणाला, ‘ते लोकल टायमिंगचं मला माहीत नाही.’ मी म्हटलं, ज्याला माहीत आहे त्याला फोन द्या. मला बराच वेळ संगीत ऐकवलं. परत आल्यावर म्हणाला, ‘मॅडम, सरांशी बोललो. तुम्हाला पेंग्विनच बघायचेत ना? मेलबर्नच्या मत्स्यालयात आहेत, दिवसभर दिसतात, शिवाय मोठे आहेत. त्याचं सवलतीचं तिकीट देतो.’

मोठे आहेत! ते किंग आणि जेंटू पेंग्विन आहेत, अंटार्क्टिकाच्या बाजूच्या बेटांवरचे, काचेमागे ठेवलेले. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर घर असलेला पक्षी त्याच्या घरी जाताना बघायला आम्ही गेलो होतो. हे मी सांगत असतानाच फोन कट झाला. तो ज्यांच्याशी बोलायला गेला त्या ‘सरांना’ही हाच तोडगा सुचला, याचं मला जास्त वाईट वाटतं.

त्या किनाऱ्यावर पूर्वी घरांची वसाहत होती. १९८५ मध्ये व्हिक्टोरिया सरकारने ती विकत घ्यायचं ठरवलं आणि २०१० पर्यंत जागा पेंग्विनना मोकळी करून दिली. लोकांनी घरं सोडली. तुमची बस तासभर थांबली नाही.

माझ्या मागण्या अशा : आम्हा तिघांचे पूर्ण पैसे परत करा, सवलतीचं तिकीट नको. माझ्या मैत्रिणीची आणि तिच्या नवऱ्याची लेखी माफी मागा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सहलींचं वेळापत्रक सूर्यास्ताप्रमाणे बदला आणि ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांना ते कळवा, नाहीतर उद्या दुसरं कुटुंब असंच पायऱ्यांवरून उठवलं जाईल.

सहल ऑस्ट्रेलियात झाली आहे. तिथल्या ग्राहक कायद्यानुसार सेवा काळजीने आणि कौशल्याने द्यावी लागते, आणि ज्या कामासाठी ती विकली त्या कामाची ती असावी लागते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर माझी मैत्रीण कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरिया या तिथल्या सरकारी ग्राहक विभागाकडे जाईल आणि गरज पडली तर आम्ही तिथल्या न्यायाधिकरणात दावा करू. गाइडचं वाहनतळावरचं वाक्य ऐकणारे सहप्रवासी साक्ष द्यायला तयार आहेत.

पुन्हा सांगते, बस साडेआठला निघाली आणि सूर्य पावणेनऊला मावळला. उत्तर देणाऱ्याने निदान एवढं वाचून उत्तर द्यावं, आणि ते फोनवर न देता लेखी द्यावं.

आपली,
(सही)
सोबत : पावती, सहलीचं छापील वेळापत्रक, माहितीपत्रकाची प्रत