माल्टातल्या ताईंना जाहीर धन्यवाद

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या फोनवर पाठवता आलं असतं. पण वाचनालयातलं माझं व्याख्यान झाल्यापासून जो तो विचारतोय, "सर, माल्टाला कधी जाऊन आलात?" मी गेलेलो नाही. माझ्यासाठी गेलात तुम्ही, हॉस्पिटलची रात्रपाळी उरकून, झोप बाजूला ठेवून. तेव्हा आभारही चारचौघांतच मानायला हवेत. नाव घालू नका म्हणालात, घालत नाही.

विषय होता 1775 चा माल्टातला पाद्र्यांचा उठाव. आपल्याकडे तो फारसा कुणाला ठाऊक नाही. माल्टावर तेव्हा सेंट जॉनच्या नाइट लोकांचं, म्हणजे 'ऑर्डर' म्हणवणाऱ्या ख्रिस्ती लढवय्यांच्या धार्मिक संघाचं राज्य होतं. सम्राट पाचव्या चार्ल्सने 1530 मध्ये हे बेट त्यांना देऊन टाकलं, वर्षाला एक ससाणा एवढ्या खंडणीवर. हे नाइट युरोपातल्या खानदानी घराण्यांमधले. माल्टाच्या माणसाला त्यांच्यात नाइट म्हणून जागा नव्हती. हुशार माल्टीज मुलाला वर यायचं तर चर्चची वाट धरावी लागे. राज्यकर्त्यांशी भांडायला पाद्रीच का उठले, याचं निम्मं उत्तर इथंच आहे.

उरलेलं निम्मं धान्यात आहे, आणि ते मला तुमच्यामुळे कळलं. धान्याचे भाव वाढले म्हणून लोक चिडले, एवढं मी वाचलं होतं. मग तुम्ही गावाबाहेरच्या शेतांचे फोटो पाठवलेत. दगडी गडग्यांच्या आत वीतभर माती आणि खाली नुसता खडक, अगदी आपल्या देवगडच्या सड्यासारखा. त्या फोटोंखाली तुम्ही लिहिलंत, "सर, इथं पिकणार काय?" तेवढ्या एका ओळीने मला धागा सापडला. बेटाला पुरेल एवढा गहू तिथं पिकतच नसे, तो सिसिलीहून यायचा. तो विकत घेऊन लोकांना पुरवणारी 'उनिव्हर्सिता' नावाची संस्था कर्जात बुडालेली. तीस वर्षांहून जास्त गादीवर असलेला नाइटांचा प्रमुख, ग्रँड मास्टर पिंटो 1773 मध्ये वारला तेव्हा खजिना रिकामा होता. त्याच्या जागी आलेल्या हिमेनेझने धान्याचे भाव चढवले आणि वर शिकारीवरही बंदी घातली. ज्या घरात भाकरी महागली, तिथं रानातला ससाही मिळेनासा झाला. त्यात चर्चच्या हक्कांवरून बिशपशी त्याचा खटका उडालेलाच होता.

8 सप्टेंबरला माल्टात विजयाचा सण असतो. 1565 चा तुर्कांचा वेढा उठला, त्याची आठवण म्हणून. 1775 साली त्याच सणाला डॉन गाएतानो मान्नारिनो या पाद्र्याच्या पुढाकाराखाली मूठभर लोकांनी राजधानी वॅलेटातल्या दोन जागा ताब्यात घेतल्या. एक सेंट एल्मोचा किल्ला. दुसरी सेंट जेम्स कॅव्हेलियर, म्हणजे तटाच्याही वर डोकं काढणारा तोफांचा बुरूज. ऑर्डरचं निशाण उतरवून त्यांनी संत पॉलचं निशाण चढवलं. पॉलचं गलबत याच बेटापाशी फुटलं होतं अशी बायबलातली कथा आहे, त्यामुळे माल्टीज माणसाला तो आपला वाटतो.

दुसऱ्या दिवशी सगळं संपलं होतं. आधी बुरूज पडला, मग किल्ला. तिघांना देहदंड झाला. त्यांची मुंडकी त्याच सेंट जेम्सच्या बुरुजावर लावली गेली.

एक दिवसाचं बंड म्हणून पुस्तकं ते दोन परिच्छेदांत उरकतात. मला ते पटत नव्हतं. शहराच्या दोन मोक्याच्या जागा हातात असताना डाव इतक्या लवकर उलटावा कसा? हे मी तुम्हाला सहज विचारलं, आणि तुम्ही काय केलंत? फोन हातात धरून, कॅमेरा चालू ठेवून, सेंट जेम्सपासून सेंट एल्मोपर्यंत अख्खा रिपब्लिक स्ट्रीट चालत गेलात. शहराच्या वेशीपाशी बुरूज, तिथून सरळसोट रस्ता, मध्ये ग्रँड मास्टरचा राजवाडा, पुढे उतार आणि उताराच्या टोकाला समुद्रात घुसलेला किल्ला. अंतर जेमतेम एक किलोमीटर. राजवाड्यासमोरच्या चौकात थांबून तुम्ही कॅमेरा आधी वरच्या अंगाला फिरवलात, मग खालच्या. "सर, दोन्ही टोकं त्यांच्याकडे होती, पण मधलं सगळं गाव?"

ताई, माझ्या व्याख्यानाचा कणा म्हणजे तुमचा हा प्रश्न. दोन टोकं धरली की मधलं गाव आपोआप उठेल, या भरवशावर ते पाद्री निघाले होते. गाव उठलं नाही. भाव वाढले म्हणून चिडलेली तीच माणसं दारं लावून घरात बसली. त्यांना भेकड म्हणायला मी तयार नाही. त्यांना कुणी आधी विश्वासात घेतलं असेल असं दिसत नाही, आणि सणाच्या दिवशी निशाण बदललेलं बघून कोण जीव पणाला लावेल? मान्नारिनोला मूर्ख ठरवणंही मला मान्य नाही. त्याने त्याची किंमत मोजली. वीस वर्षांहून अधिक काळ तो कैदेत होता. 1798 मध्ये नेपोलियनच्या फ्रेंचांनी नाइटांना हुसकावलं तेव्हा कुठे तो सुटला.

आणि त्याच वर्षी गाव उठलं. फ्रेंचांनी चर्चची चीजवस्तू विकायला काढली. 2 सप्टेंबर 1798 रोजी म्दिना या जुन्या राजधानीत कार्मेलाइट पंथाच्या चर्चमधल्या सामानाच्या लिलावावरून लोक रस्त्यावर आले ते मागे हटलेच नाहीत. पुढाऱ्यांत पुन्हा एक धर्मगुरू, कॅनन या पदावरचे फ्रान्सेस्को साव्हेरिओ कारुआना. वॅलेटाच्या आत राहून कट करणारे डून मिकील शेर्री हेही पाद्रीच. 1799 च्या जानेवारीत फ्रेंचांनी त्यांना गोळ्या घातल्या. या खेपेला मात्र खेडोपाडी माणसं उभी होती. दोन वर्षांच्या नाकेबंदीनंतर 1800 मध्ये फ्रेंच शरण आले. हे दोन उठाव शेजारी ठेवल्याशिवाय पहिला समजत नाही, असं मी भाषणात ठासून सांगितलं.

आपल्या बाजूचे श्रोते असल्यामुळे गोव्याचा विषय निघणारच होता. 1787 चा, पोर्तुगीज राज्याविरुद्धचा पिंटोंचा कट. कांदोळीचं पिंटो घराणं, फादर कायतान फ्रान्सिस्को कौतो, फादर जोझे आंतोनियो गोन्साल्विस. तिथंही गोंयकार पाद्र्यांना वरच्या जागा मिळत नाहीत हे दुखणं होतं, आणि तिथंही डाव फसला, फितुरीमुळे. माल्टाशी याचा धागा जोडायला माझ्याकडे पुरावा नाही आणि मी तो जोडला नाही. पण बारा वर्षांच्या अंतराने दोन समुद्रांकाठी सारखीच तक्रार घेऊन पाद्री उठले, हे ऐकताना सभागृह एकदम शांत झालं होतं.

तुमच्या शेजारच्या माल्टीज आजींचेही आभार मानायचे आहेत. नावांचे उच्चार त्यांनी तुमच्या फोनवर सावकाश, पुन्हा पुन्हा म्हणून दाखवले. मी ते रात्री ऐकत बसायचो. तुम्ही रोज बस पकडता तो बिरकिरकारातला मान्नारिनो रोड कुणाच्या नावाचा, हे तुम्ही त्यांना विचारलंत तेव्हा त्या खुर्चीवरून उठून बोलायला लागल्या, असं तुम्ही सांगितलंत. ते मी भाषणात जसंच्या तसं सांगितलं.

आणखी एक. सेंट जेम्समध्ये आता कलाकेंद्र आहे, तर त्याच्या जोडीच्या सेंट जॉन कॅव्हेलियरमध्ये त्याच ऑर्डरची आजची वकिलात आहे. तुम्ही तिच्या दाराचा फोटो पाठवलात, तो मी पडद्यावर शेवटी दाखवला. एकेकाळचे मालक आज तिथं परदेशी वकील म्हणून राहतात, हे लोकांना इतकं भावलं की प्रश्नोत्तरं तासभर चालली.

तुम्ही हे सगळं का केलंत, हे मी विचारलं होतं. "इथं राहते तर इथलं माहीत नको का?" एवढंच म्हणालात. परक्या गावात पोटासाठी गेलेल्या माणसाने त्या गावाच्या दुःखाची अशी चौकशी करावी, याचं मला फार मोल वाटतं. शाळेत इतिहास शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण असा विद्यार्थी क्वचित भेटला.

भाषणाचा लेखी मजकूर वाचनालयात ठेवला आहे आणि एक प्रत तुमच्या आईंकडे पोचवली आहे. आजींसाठी त्याचं सार इंग्रजीत करून पाठवतो. त्यांना वाचून दाखवा, आणि कुठे काही खटकलं तर निःसंकोच कळवायला सांगा.

तुमचा ऋणी,
सर