वर्ग घेणाऱ्या परिचारिकाताईंचे आभार

प्रसूतीपूर्वीच्या पालकत्व वर्गाला आम्ही गेलो, तेव्हा बहुतेक होणारे वडील दाराबाहेरच थांबले होते. वर्ग घेणाऱ्या परिचारिकाताईंनी स्वतः बाहेर येऊन आम्हां सर्वांना आत नेले आणि पहिल्या रांगेत बसवले. बाळाला उघड्या छातीशी कसे धरावे, त्याचे नाक मोकळे आणि मान सरळ कशी ठेवावी, हे त्यांनी बाहुली देऊन माझ्याकडून पुन्हा पुन्हा करवून घेतले, आणि माझे हात थरथरत होते तोवर आपला तळहात खाली आधाराला धरून ठेवला. पुढे प्रसूती अचानक शस्त्रक्रियेने करावी लागली. पत्नीला सावरायला वेळ लागला, आणि तोवर मुलगी माझ्या छातीशी शांत निजली.

साधारण ६ आठवड्यांच्या सुमारास बाळाचे रडणे सर्वाधिक वाढते, आणि संयम सुटू लागल्यास त्याला पाठीवर सुरक्षित निजवून काही मिनिटे दूर जावे, पण कधीही गदागदा हलवू नये, हेही त्यांनीच समजावले होते. जन्मानंतरच्या जागरणांत हे शिकायला उसंत मिळालीच नसती. ताई, वडिलांनाही आत बोलावलेत, याबद्दल आम्ही आपले मनापासून आभारी आहोत.