चार्जरचं बॉनेट आधी उघडू न देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

१९६८ च्या डॉज चार्जर आर/टी या जुन्या अमेरिकन गाडीवर काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या वतीने हे आभारपत्र. ते उघडं लिहितोय, कारण तुम्ही जे शिकवलंत ते मिशिगनमधल्या एका गॅरेजपुरतं राहू नये. ही गाडी उभी करायला घेणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला ते मापांसकट मिळावं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात बसलेला आणि पुढे डेट्रॉइटच्या मशीनशॉपमध्ये उमेदीची वर्षं घालवलेला माणूस अंदाजाने बोलत नाही. तुमच्या प्रत्येक सूचनेला आकडा होता आणि त्या आकड्यामागचं कारणही तुम्ही सांगत होतात.

पहिले आभार पाण्याबद्दल. चार्जर म्हटलं की सगळ्यांचा हात आधी बॉनेटकडे जातो. ४४० मॅग्नम इंजिन, ३७५ हॉर्सपॉवर, आकडेच तसे आहेत. तुम्ही बॉनेट बंद ठेवायला लावलंत आणि मागच्या काचेखालची कड दाखवलीत. १९६८ ते १९७० च्या चार्जरची मागची काच दोन उतरत्या खांबांच्या मधे, आत बसवलेली आहे. रचना देखणी आहे, पण पाणी काचेच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत तुंबतं. चकचकीत पट्टीच्या क्लिपा धरायला तिथे पत्र्यावर बारीक खुंट्या वेल्ड केलेल्या असतात. त्यांच्या मुळाशी रंग टिकत नाही आणि गंज तिथूनच आत शिरतो. मग पाणी डिकीत उतरतं. आधी डिकीचा तळ जातो, मग त्याच्या दोन्ही अंगांचे खोलगट भाग आणि शेवटी क्वार्टर पॅनेलची, म्हणजे मागच्या चाकाभोवतीच्या बाजूच्या पत्र्याची, खालची कड. डिकीचा तळ नवा घालून काचेखालची कड तशीच ठेवली, तर नवा तळही कुजणार. छतावर व्हायनलचं आवरण असेल तर ते पूर्ण काढल्याशिवाय पत्र्याबद्दल काहीही बोलू नये, हेही तुमचंच सांगणं.

तेच पुढच्या काचेखालच्या जाळीचं. जाळीच्या आत हवेची पेटी असते, तिच्यात वर्षानुवर्षं पाला कुजतो आणि हवेच्या तोंडाभोवतीचा उभा पत्रा खातो. गालिचा काढायचा, जाळीतून बादलीभर पाणी हळूहळू ओतायचं आणि टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली बघायचं. थेंब दिसला तर वरचा पत्रा स्पॉट वेल्ड फोडून उचलण्याला पर्याय नाही. वरून सीलंट फासून तो गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो. गाडी विकत घेण्याआधी करायची ही तपासणी आहे आणि ती फुकट होते.

दुसरे आभार कापाकापीच्या आधी थांबवल्याबद्दल. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. तळ किंवा मागचा रेल, म्हणजे तळाखालची लांब पोकळ पट्टी, कापला की उरलेला सांगाडा स्वतःच्या वजनाने वाकतो आणि ते कळतं दरवाजा लागत नाही तेव्हा, म्हणजे वेल्डिंग संपल्यावर. म्हणून आधी दोन्ही दरवाजांच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइप, एक आडवा, एक तिरका. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडेही एक. दरवाजे, बॉनेट आणि डिकी बसलेली असताना सगळ्या फटी मोजून पत्र्यावरच मार्करने लिहायच्या. बॉडीचे कर्ण मोजायचे. वेल्डिंगच्या वेळी गाडीचा भार मागच्या ॲक्सलवर आणि पुढे सस्पेन्शन जिथे धरतं तिथेच असावा. गाडी फिरवण्याचं स्टँड साफसफाईला आणि खालच्या रंगाला चांगलं, पण रेल आणि क्वार्टर पॅनेल जोडताना गाडी तिच्या चाकांच्या जागी टेकलेलीच हवी.

वेल्डिंगचे तुमचे आकडे इथे देतो. ०.८ मिलिमीटर वायर. ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. नव्या पत्र्याला ८ मिलिमीटरची छिद्रं, कंपनीचे स्पॉट जिथे होते तिथेच. जोडाच्या दोन्ही आतल्या बाजूंना जस्ताचा प्रायमर, पण छिद्राच्या आतला भाग खरवडून स्वच्छ, नाहीतर वेल्ड फुटफुटतं. क्वार्टर पॅनेलच्या लांब जोडावर एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, आणि हात लावता येईल इतका पत्रा निवल्यावरच मधला. सलग ओढलेल्या वेल्डने पत्र्याला पोट येतं आणि ते पुट्टीने भरावं लागतं. पुट्टीची मर्यादा तुम्ही एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, ठेवलीत. त्याहून जास्त लागत असेल तर डेंटिंग अपुरं आहे. बॉनेट, छत, दरवाजे या सपाट पत्र्यांवर सँडब्लास्टिंग करायचं नाही, तेही याच कारणाने. तिथे रंग काढायला केमिकल किंवा नायलॉनची डिस्क.

एक सूचना जिवाची आहे, म्हणून ती वेगळी लिहितो. छत आणि क्वार्टर पॅनेल यांचा जोड कारखान्यात शिशाने भरलेला असतो. त्यावर ग्राइंडर लावायचा नाही. त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि कपड्यांवरून घरातल्या मुलांपर्यंत पोचते. मंद ज्योतीने शिसं मऊ करायचं, पुसून डब्यात घ्यायचं, योग्य फिल्टरचा मास्क आणि हातमोजे घालून. ज्योत जपून, शिसं उकळेपर्यंत तापवायचं नाही. शिसं बसवताना लावलेल्या ॲसिडचा खाली राहिलेला अंश धुऊन काढला नाही तर वरची पुट्टी काही काळाने फुगते.

आता बॉनेट. इथे तुमचं ऋण सर्वात मोठं आहे.

इंजिनच्या ब्लॉकवर २५३६४३० हा कास्टिंग नंबर, म्हणजे ओतीव कामातच उमटलेला नंबर, आणि हेडवर ९०६ बघून समाधान मानायचं नाही, हे तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत. कास्टिंगच्या वेळी आतला गाभा किंचित सरकला असेल तर सिलिंडरची भिंत एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ निघते. म्हणून बोअर करण्याआधी, म्हणजे सिलिंडर कोरून रुंद करण्याआधी, आठही सिलिंडरची अल्ट्रासॉनिक तपासणी. मूळ बोअर ४.३२ इंच, ३० थाऊ, म्हणजे इंचाचे ३० हजारांश, वाढवला की ४.३५. पण पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करायचा नाही. प्रत्येक पिस्टन मोजायचा, त्यावर सिलिंडरचा नंबर टाकायचा, बोअर करताना शेवटचे तीन-चार थाऊ राखायचे आणि ते होनिंगने, म्हणजे बारीक दगडाने घासून, काढायचे. होनिंगच्या वेळी ब्लॉकवर टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी बसणारी जाड प्लेट, आवळलेली हवी, कारण हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडरचा गोल थोडा बदलतो. प्लेटशिवाय केलेला गोल हेड बसवल्यावर गोल राहत नाही आणि मग इंजिन तेल खातं. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट पिस्टन बनवणाऱ्याने दिलेलीच धरायची, ऐकीव नाही.

रिंगची फट दर इंच बोअरला ४ थाऊ, म्हणजे इथे १७ ते १८. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घालून, पिस्टनने सरळ ढकलून मोजायची. फट कमी राहिली तर रिंग तापल्यावर तिची टोकं भिडतात आणि पिस्टनची कड फुटते.

क्रँकचे मेन जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, २.७५ इंच, रॉडचे २.३७५. आधी मॅग्नेटिक तपासणीने चिरा बघायच्या, मग ग्राइंडिंगचा विचार. कनेक्टिंग रॉडला नवे बोल्ट घातले की त्याचं मोठं छिद्र पुन्हा गोल करून घ्यायचं. नव्या बोल्टच्या ताणाने त्याचा आकार बदलतो, आणि ही पायरी अनेक दुकानं गाळतात. मूळ बोल्ट असतील तर मेन कॅप ८५ फूट-पाउंड, रॉड ४५, हेड ७०, तिन्ही ठिकाणी टप्प्याटप्प्याने. नव्या कंपनीचे बोल्ट असतील तर त्या कंपनीचा आकडा आणि तिचंच वंगण, कारण वंगण बदललं की त्याच टॉर्कला ताण वेगळा येतो.

९०६ हेडच्या व्हॉल्व्ह सीट शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातल्या आहेत. आजच्या पेट्रोलवर लांब पल्ल्याला, जोरात चालवायची असेल तर एक्झॉस्टच्या आठ सीट कठीण धातूच्या घालाव्या लागतात, नाहीतर व्हॉल्व्ह हळूहळू आत रुततो आणि त्याची मोकळीक संपते. मात्र सीटसाठी खोल कापताना पाण्याच्या जॅकेटला भोक पडू शकतं. ज्याने ही हेडं आधी केली आहेत अशाच हाती काम द्यावं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह १.७४ इंचाचा आहे, हे त्याला सांगावं लागलं तर दुसरं दुकान बघावं.

आणि तेलाची वाट. या इंजिनात रॉकरला, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांना, जाणारं तेल कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या फिरत्या शाफ्टच्या, चौथ्या बेअरिंगमधून जातं आणि कॅममधलं छिद्र समोर आलं तरच जातं. बेअरिंग जरा फिरवून बसवलं की एका बाजूचे रॉकर कोरडे. इंजिनवर झाकणं बसवण्याआधीच हे कळलं पाहिजे. डिस्ट्रिब्युटर आणि त्याखालचा गिअर काढायचा, ५/१६ इंची षट्कोनी दांडा ड्रिलला लावून तेलपंप घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. दाब आला तरी दोन्ही बाजूंना तेल एकाच वेळी दिसणार नाही. दुसऱ्या माणसाने क्रँक हळूहळू फिरवायचा. एका जागी एक बाजू ओली होते, दुसऱ्या जागी दुसरी. हे माहीत नसलेला माणूस चांगलं इंजिन पुन्हा खोलतो. तेवढ्यातच रॉकर शाफ्टची तेलाची छिद्रं खालच्या बाजूला आहेत ना, तेही बघून घ्यायचं.

पहिली स्टार्ट म्हणजे नव्या कॅमची परीक्षा. सपाट टॅपेटच्या, म्हणजे कॅमवर घासत चालणाऱ्या सपाट बुडाच्या ठोकळ्यांच्या, कॅमला जस्त आणि फॉस्फरस असलेलं ब्रेक-इन तेल लागतं; साध्या गाड्यांच्या आजच्या तेलात ते कमी केलेलं आहे. कार्बोरेटरच्या वाट्या आधीच भरलेल्या हव्यात आणि टायमिंग जागेवर हवं, म्हणजे स्टार्टर मारत बसावं लागत नाही. दर सेकंदाला कॅमवरचं वंगण पुसलं जात असतं. इंजिन सुरू झालं की आयडलला, म्हणजे नुसतं मंद चालू, सोडायचं नाही. लगेच २००० आरपीएमच्या वर, थोडं खालीवर करत, वीस ते तीस मिनिटं. आयडलला टॅपेटवर तेल पुरेसं उडत नाही. त्यानंतर तेल बदलायचं, फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघायचा.

पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारचं, म्हणजे पिळावर स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांचं. बार डावा-उजवा वेगळा, टोकावरची खूण बघायची, अदलाबदल चालत नाही. काढण्याआधी ॲडजस्टिंग बोल्ट पूर्ण सैल. बारवर पाइप पाना किंवा हातोडा लावायचा नाही. ओरखडा पडला की तिथूनच तो तुटतो. खालच्या आर्मचा पिव्हट शेवटी, गाडी चाकांवर उभी करून आवळायचा, नाहीतर त्याचं रबर पिळलेलंच राहतं. आणि डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत, हे टायरच्या दुकानात गाडी देताना आधी सांगायचं. तिथे एअर गनने बोल्टच तुटतात.

वायरिंगबद्दलचे आभार घरच्यांकडूनही आहेत. या गाडीत चार्जिंगचा करंट फायरवॉलच्या कनेक्टरमधून डॅशमधल्या ॲमीटरपर्यंत, म्हणजे करंट मोजणाऱ्या मीटरपर्यंत, जातो आणि तसाच परत येतो. इतक्या वर्षांनी त्या पिना काळ्या पडतात, रोध वाढतो, प्लास्टिक वितळतं. मोठा अल्टरनेटर लावला तर धोका आणखी वाढतो. तुम्ही काढून दिलेल्या आकृतीप्रमाणे ॲमीटरच्या दोन्ही तारा एकत्र जोडल्या, अल्टरनेटरपासून स्टार्टर रिलेपर्यंत फ्यूजेबल लिंकसह, म्हणजे जास्त करंटला आधी वितळणाऱ्या तुकड्यासह, वेगळी तार नेली आणि डॅशखाली व्होल्टमीटर लपवला. बाहेरून गाडी हॅमट्रॅमॅकच्या कारखान्यातून आली तशीच दिसते. ज्यांना मूळपणा जपायचा आहे त्यांनीही एवढा बदल करावा, असं तुमच्याइतकंच आमचंही ठाम मत आहे.

हेडलाइटची झाकणं व्हॅक्युमवर चालतात, ती अजून एका बाजूला सावकाश उघडतात. नळ्या नव्या आहेत, टाकी व्हॅक्युम धरते, तेव्हा संशय त्या बाजूचं झाकण हलवणाऱ्या ॲक्च्युएटरच्या पडद्यावर आहे. हातपंप लावून तो वेगळा तपासणार आहोत. मग चाकांचं अलाइनमेंट. त्या दिवशी तुम्ही यावं, काकूंनाही आणावं, जेवण इकडेच.

तुमचे कृतज्ञ,
चार्जरवर काम करणारे आम्ही सगळे