गॅस भरला, उडाला. पुन्हा भरला, पुन्हा उडाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला उन्हाळ्यात गाडीची निगा कशी राखावी, हा लेख वाचला. टायरची हवा, बॅटरी, काचेला पडदा, सगळं ठीक. पण ‘दरवर्षी मार्चमध्ये एसीचा गॅस भरून घ्यावा’ हे वाक्य छापण्याआधी कुणी वाचलं होतं का? त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात ‘मोफत एसी तपासणी शिबिरा’ची रंगीत जाहिरात होती. तो योगायोग आहे, असं मी धरून चालतो.

एसीचा गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही आणि वापरून संपत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत त्याचा द्रव होतो, डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायू होताना तो गाडीतली उष्णता ओढून घेतो आणि परत कॉम्प्रेसरकडे जातो. तोच गॅस, तीच फेरी. आमच्या घरचा फ्रिज २००८ चा आहे, त्यात आजवर एकदाही गॅस भरलेला नाही. गाडीत रबरी नळ्या असतात, हादरे बसतात, त्यामुळे काही वर्षांत थोडाफार कमी होतो, हे मान्य. दरवर्षी कमी होत असेल तर मात्र कुठेतरी भोक आहे, आणि भोक बुजवायचं सोडून भरत राहणं म्हणजे काय, हे गळक्या माठाला विचारा.

मला वाटतं, दोष थोडा आपलाही आहे. आपण नागपूरकर मुळात कूलरवाले. टाकीत रोज पाणी भरायचं, उन्हाळा लागला की ताट्या बदलायच्या. त्यामुळे थंड हवा हवी तर दरवर्षी काहीतरी भरावं लागतं, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की समोरच्याने ‘गॅस भरावा लागेल’ म्हटलं की आपण पाकीट काढतो. मीही काढलं. एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाने काढलं, म्हणून जास्त राग आहे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गाडी गार होईना, म्हणून एका वर्कशॉपमध्ये नेली. नाव लिहीत नाही. लिहिलं तरी आपण छापणार नाही. तिथल्या पोराने बॉनेट उघडून दोन मिनिटांत निदान केलं, ‘काका, गॅस संपला.’ १,९०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण २,२४२. बारा दिवसांनी सासूबाईंना घेऊन अमरावतीला लग्नाला निघालो. बाजारगावपर्यंत हवा गार होती, कोंढाळीला कोमट झाली आणि कारंजा येईपर्यंत फुफाटा. काच उघडली तर बाहेरचा आणखी गरम. सासूबाई ८४ वर्षांच्या. त्यांनी काही न बोलता पिशवीतून कांदा काढून हातात धरला आणि ओला दुपट्टा डोक्याला बांधला. आमचा एसी बंद पडेल याची त्यांना आधीपासून खात्री होती, असं दिसतं.

परत आल्यावर पुन्हा वर्कशॉप. ‘चेक केलं काका, लीक नाही.’ मग गॅस गेला कुठे? ‘उन्हाळा आहे ना, उडून जातो.’ पुन्हा २,२४२. या वेळी नऊ दिवस टिकला. आमच्या सौ. म्हणाल्या, ‘अहो, हे गॅस भरून राहिले का फुगे?’

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात वाहनांच्या कारखान्यात आहे. त्याला फोन केला, तर तो म्हणाला, ‘सर, आधी नायट्रोजन भरून प्रेशर धरून ठेवायला सांगा. काटा उतरला तर लीक आहे. जोडांना साबणाचा फेस लावायचा, बुडबुडे आले तिथे भोक. ते सापडून दुरुस्त झाल्याशिवाय गॅस भरूच द्यायचा नाही.’ तिसऱ्या खेपेला मी तिथे खुर्ची टाकून बसलो आणि हे करायला लावलं. पंधरा मिनिटांत काटा उतरला. बाहेरच्या एकाही जोडाला बुडबुडा नाही, म्हणजे भोक आत, कूलिंग कॉइलला. पंधरा मिनिटांचं हे काम पहिल्या दिवशी का झालं नाही, यावर तिथला साहेब म्हणाला, ‘कस्टमर थांबत नाही ना सर.’ मी दोनदा थांबलो होतो. त्यांच्या मशीनची कॉफीही प्यायलो होतो.

पुढचं बिल असं: कॉइल ६,४००, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह १,२५०, डॅशबोर्ड खोलून बसवण्याची मजुरी ५,५००, गॅस (तिसऱ्यांदा) १,९०० आणि एसी डिसइन्फेक्टंट ८५०. जीएसटीसह १८,७६२. आधीचे दोन गॅस धरून २३,२४६ रुपये. कॉइलचे पैसे मला जड गेले नाहीत. वस्तू बिघडली, बदलली. डॅशबोर्ड उतरवायचा म्हणजे दिवसाचं काम, मजुरी लागणारच. सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढी सूटही मिळाली म्हणायची. माझं भांडण ४,४८४ रुपयांचं आहे, जे गळती न शोधता भरलेल्या गॅसचे घेतले. आणि नव्या कोऱ्या कॉइलला जंतुनाशक कशाला, ते ८५० वेगळे. जुनी कॉइल मागितली तर ती भंगारात गेली होती. इतकी चपळाई एप्रिलमध्ये दाखवली असती तर!

हा गॅस गेला कुठे, ते मी सांगतो. बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलंय, आर-१३४ए, ४०० ग्रॅम. दोन वेळचा मिळून ८०० ग्रॅम आपल्या नागपूरच्या हवेत. पृथ्वी तापवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट धरतात. म्हणजे ११४४ किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो निघतो, तेव्हा हे झालं जवळपास ५०० लिटर पेट्रोल. माझी गाडी तेवढ्यात पाच वेळा मुंबईला जाऊन परत येईल. मी मानेवाड्यातून कोंढाळीच्या पुढे गारसुद्धा गेलो नाही. पर्यावरण दिनाला आपण रोपटी वाटता, फोटो छापता. त्या दिवशी एका चौकटीत एवढा हिशेब छापायला जागा निघेल का?

गडकरी साहेबांच्या खात्याने १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या चालक-केबिनला एसी सक्तीचा केला. फार चांगलं केलं. मे महिन्यात वर्धा रोडला उभा असलेला ट्रक ज्याने हात लावून पाहिलाय, तो नाही म्हणणार नाही. पण तीन-चार वर्षांनी त्या ड्रायव्हरलाही कुणीतरी सांगणार आहे, ‘भाऊ, गॅस संपला.’ त्याला पुण्यातला विद्यार्थी कुठून मिळणार? तेव्हा निदान आपल्या लेखातलं ते वाक्य दुरुस्त करून पुन्हा छापा. ‘गॅस कमी झाला म्हणाले तर आधी गळती दाखवा म्हणावं’, एवढं पुरे.

आता लिहायला बसलोच आहे तर दुसरं. परवाच्या अंकात पहिल्या पानावर नागपूरचं कमाल तापमान ४५.२ आणि पाचव्या पानावरच्या तक्त्यात ४४.६ होतं. शहर तेच, दिवस तोच. २०२४ च्या मे अखेरीस इथे ५६ अंशांचा आकडा देशभर गाजला आणि मग यंत्र बिघडलं होतं, असं हवामान खात्याला सांगावं लागलं, ते एक समजू शकतो. आपल्याकडे कोणतं यंत्र बिघडलं? हे विचारण्याला कारण आहे. नवी कॉइल बसल्यावर भर दुपारी सक्करदऱ्याच्या सिग्नलला हवा जरा कमी गार वाटली, म्हणून मी वर्कशॉपला फोन केला, तर पलीकडून प्रश्न आला, ‘काका, बाहेर टेम्परेचर किती होतं? पंचेचाळीसच्या वर असलं की थोडं कमीच कूलिंग येते.’ मी आपला अंक उघडला आणि काय उत्तर द्यावं ते कळेना. शेवटी पाचव्या पानावरचं सांगितलं. ‘मग या काका घेऊन,’ तो म्हणाला, ‘गॅस बघून घेऊ.’

आपला एक जुना वाचक,
मानेवाडा, नागपूर
(नाव छापू नये. गाडी अजून वॉरंटीत आहे, म्हणजे कॉइल.)